मोटारीचा विमा : स्वस्त कोणता आणि महाग कोणता

मोटार विकत घेण्यापूर्वी सुजाण गृहस्थ चार ठिकाणी चौकशी करतो, इंधनाचा खर्च विचारतो, एखाद्या स्नेह्याची गाडी चालवून पाहतो. त्याच मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करण्याची वेळ आली म्हणजे मात्र तो बहुधा एकच प्रश्न विचारतो : यंदा किती भरावयाचे? उत्तरादाखल एक आकडा मिळतो. तो गेल्या वर्षीच्या आकड्याच्या आसपास असला की पैसे भरले जातात आणि विमापत्र कपाटात जाते. अलीकडे दुसरी रीतही रूढ झाली आहे. संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर दहा-पंधरा कंपन्यांचे आकडे एकाखाली एक दिसतात आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा निवडला जातो. पहिल्या रीतीपेक्षा ही दुसरी रीत अधिक डोळस वाटते खरी; परंतु दोहोंतही उणीव एकच आहे. तो आकडा कशाकशाचा मिळून झाला आहे, हे पाहिलेच जात नाही. प्रस्तुत प्रकरणात भिलाई येथील एक मध्यम आकाराची मोटार उदाहरणादाखल घेऊन तो आकडा सुटा करून पाहावयाचा आहे.

भिलाईची निवड करण्यास कारण आहे. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून देशाच्या सर्व भागांतून लोक येथे येऊन स्थायिक झाले. त्यांत नागपूर-विदर्भाकडून आलेली मराठी कुटुंबेही होती. पगारातून शिल्लक टाकून किंवा निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून घेतलेली एक मोटार, ही अशा घरांतील नेहमीची गोष्ट. सेक्टरांमधील रुंद, सावलीचे रस्ते आणि जवळजवळची अंतरे यांमुळे गाडी वर्षभर फारशी धावत नाही. परंतु वसाहतीबाहेर पडले की लगेच दुर्ग आणि रायपूर यांना जोडणारा ग्रेट ईस्टर्न रोड लागतो आणि तेथे अवजड मालमोटारी, प्रवासी गाड्या, स्कूटरी व पाळी संपवून घरी निघालेले सायकलस्वार एकाच रस्त्याने जात असतात. थोडे चालणारे वाहन आणि मोठ्या धोक्याचा रस्ता असे हे संमिश्र चित्र आहे. विम्याचा विचार करणाऱ्याला ते बरेच शिकवून जाते.

एकच दर असण्याचा काळ

जुन्या पिढीतील अनेकांना विम्याच्या बाबतीत भाव विचारण्याची सवय नाही, याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. १ जानेवारी १९७३ रोजी सामान्य विम्याच्या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि देशातील १०७ विमासंस्था चार कंपन्यांत विलीन करण्यात आल्या : कलकत्त्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल आणि मद्रासची युनायटेड इंडिया. मोटार विम्याचे दर टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटी ठरवून देत असे. दर सर्वत्र तेच असल्यामुळे चारही कचेऱ्यांत चौकशी करण्याने काही साधत नव्हते. ओळखीचा एजंट घरी येई, फॉर्म भरून घेई, पावती आणून देई. २००० सालापासून खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले, तरीही मोटारीचे दर काही वर्षे बांधलेलेच राहिले. १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावरील दरबंधन उठविण्यात आले. तुलना करण्याला अर्थ आला तो त्या दिवसापासून. ओळखीचा एजंट अजूनही घरी येतो. परंतु त्याच्या हातातला आकडा आता सर्वांचा आकडा राहिलेला नाही.

मात्र दरबंधन उठले ते अर्ध्याच भागावरचे, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. मोटारीच्या सर्वसमावेशक विमापत्रात दोन निरनिराळे करार एकत्र बांधलेले असतात. पहिला करार दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या वाहनामुळे कोणी दगावले, जखमी झाले किंवा कोणाच्या मालमत्तेची हानी झाली तर त्याची भरपाई त्यातून होते. यालाच बोलण्यात थर्ड पार्टी विमा म्हणतात. दुसरा करार आपल्या स्वतःच्या गाडीचा : अपघात, आग, चोरी, पूर यांपासून होणाऱ्या नुकसानीचा. पहिल्याचा दर आजही शासन ठरविते व तो प्रत्येक कंपनीत तोच असतो. घासाघीस, सूट, तुलना हे सर्व दुसऱ्या भागापुरते.

ज्या भागात सूट नाही, तो भाग

थर्ड पार्टी विमा आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून कायद्याने आवश्यक आहे. सध्याचा आधार म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १४६ वे कलम. त्यावाचून गाडी रस्त्यावर आणल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड ४,००० रुपये होतो. पण दंडाची रक्कम हा या विषयातील सर्वांत किरकोळ भाग आहे.

समजा, ३४ वर्षांचा एक कंत्राटी कामगार रात्रपाळी आटोपून सायकलीने घरी चालला असताना मोटारीची धडक बसून मरण पावला. त्याचे मासिक उत्पन्न २०,००० रुपये होते. मागे पत्नी, दोन मुले आणि आई असे चौघे त्याच्यावर अवलंबून होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण नुकसानभरपाई कशी मोजते, याची रीत सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत घालून दिली आहे. वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये. नोकरी कायम नसल्यामुळे व वय चाळिशीच्या आत असल्यामुळे पुढील काळातील वाढ म्हणून त्यात ४० टक्के मिळवावयाचे : ३,३६,००० रुपये. चार आश्रित असल्याने मृताचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा करावयाचा : उरले २,५२,००० रुपये. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६ आहे. म्हणजे भरपाई ४०,३२,००० रुपये. शिवाय अंत्यविधी आदी बाबींच्या ठरीव रकमा आणि व्याज.

विमा चालू असेल तर ही रक्कम कंपनी देते. मृत्यू किंवा शारीरिक इजा यांबाबत विमापत्रातील तिच्या जबाबदारीला आकड्याची मर्यादा नसते. केवळ दुसऱ्याच्या मालमत्तेच्या हानीला साडेसात लाखांची मर्यादा असते. विमा संपलेला असेल तर हीच रक्कम मोटारमालकाकडून वसूल करावी लागते. आठ लाखांची गाडी बाळगणाऱ्या निवृत्त गृहस्थाला चाळीस लाख कोठून आणावयाचे, हा एक प्रश्न झाला. त्या कामगाराच्या पत्नीला ते प्रत्यक्षात केव्हा मिळावयाचे, हा दुसरा आणि अधिक कठीण प्रश्न. विमा हा आपल्याच रक्षणासाठी असतो, या समजुतीत ती स्त्री कोठेच दिसत नाही. हा कायदा मुळात झाला तो तिच्यासाठी.

या संरक्षणाची किंमत पाहावी. १ जून २०२२ रोजी लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारींसाठी १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला २,०९४ रुपये, त्याहून मोठ्या पण १,५०० पर्यंतच्या इंजिनाला ३,४१६ रुपये आणि त्यावरील इंजिनाला ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता ठरविण्यात आला. ३,४१६ रुपये म्हणजे दिवसाला साडेनऊ रुपयांच्याही आत. विद्युत मोटारींना या दरात १५ टक्के सवलत देण्यात आली. कंपनीला आपल्या मर्जीने येथे कोणालाही सूट देता येत नाही. कोणी एजंट थर्ड पार्टीचा हप्ता कमी करून देतो असे सांगू लागला, तर त्याच्याकडून कागद घेऊच नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी मालक फक्त स्वतःच्या नुकसानीचा हप्ता भरतो आणि चौथ्या वर्षी दोन्ही हप्ते एकत्र आले की रक्कम एकदम फुगलेली दिसते. कंपनीने भाव वाढविला, अशी समजूत होऊन अनेक जण याच वर्षी सर्वांत लहान आकड्याच्या मागे लागतात. आपण उदाहरणासाठी घेतलेली मोटार मुद्दाम याच टप्प्यावरची आहे.

तीन कोटेशने

मोटारीचे इंजिन १,२०० घनसेंटिमीटरचे, नोंदणी दुर्गची, म्हणजे क्रमांक सीजी-०७ ने सुरू होणारा. गाडीने तीन वर्षे पूर्ण करून चौथ्यात पदार्पण केले आहे. त्या जातीच्या नव्या गाडीची निर्मात्याने जाहीर केलेली विक्रीची किंमत आठ लाख रुपये आहे. तीन वर्षांत मालकाने एकही दावा केलेला नाही.

पहिली पायरी म्हणजे गाडीचे विमामूल्य ठरविणे. याला विमापत्रावर आय. डी. व्ही. अशी तीन अक्षरे असतात. गाडी चोरीस गेली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे मोडली तर कंपनी देते ती रक्कम हीच. नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा केला जातो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर मूल्य कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. आपल्या मोटारीला ४० टक्के घसारा लागतो, म्हणून विमामूल्य ४,८०,००० रुपये.

दुसरी पायरी मूळ दराची. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये देशाचे दोन विभाग केले होते. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे ‘अ’ विभागात व बाकीचा सर्व देश ‘ब’ विभागात. दरबंधन उठले तरी सूट सांगताना अनेक कंपन्या याच जुन्या दरांचा आधार घेतात. आपल्या मोटारीच्या वर्गाला ‘अ’ विभागात ३.२८३ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के असा दर होता. ४,८०,००० रुपयांवर पुण्याच्या नोंदणीला १५,७५८ आणि दुर्गच्या नोंदणीला १५,३१७ रुपये होतात. फरक सुमारे ४४० रुपयांचा व पुढील सवलती धरल्यावर तोही दीडशेच्या आत येतो. लहान गावात विमा पुष्कळ स्वस्त असतो ही समजूत खासगी मोटारीच्या बाबतीत एवढ्यापुरतीच खरी आहे. नागपूरची नोंदणीही ‘ब’ विभागातच मोडते, तेव्हा एम. एच. ३१ क्रमांकाची गाडी भिलाईत आणल्याने दर बदलत नाही. मात्र अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ छत्तीसगढात ठेवावयाची असल्यास तिची नव्याने नोंदणी करणे कायद्याने भाग आहे, आणि बदललेला क्रमांक विमापत्रावर नोंदवून घेणे हेही त्यातच आले.

आता तीन कोटेशने पाहू. सूट समजण्यासाठी आकडे कल्पित घेतले आहेत, परंतु हिशेबाची रीत व्यवहारातीलच आहे. प्रत्येक ठिकाणी दावा न केल्याबद्दलची ३५ टक्के सवलत, ३,४१६ रुपये थर्ड पार्टी आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला आहे.

पहिली कंपनी मूळ दरावर ५० टक्के सूट देते. १५,३१७ चे ७,६५८ झाले. ३५ टक्के वजा जाता ४,९७८ उरले. थर्ड पार्टी मिळवून ८,३९४ आणि करासह एकूण ९,९०५ रुपये.

दुसऱ्या कंपनीचे कोटेशन ९,४१५ रुपयांचे आहे. पडद्यावर हेच वर दिसेल, कारण ते ४९० रुपयांनी कमी आहे. पण विमामूल्याच्या रकान्यात ४,००,००० असा आकडा आहे आणि सूट आहे केवळ ४५ टक्के. गाडी चोरीला गेली तर ही कंपनी ऐंशी हजार रुपये कमी देणार. तिला विमामूल्य ४,८०,००० करावयास सांगितले म्हणजे तिचा हप्ता १०,४९३ रुपये होतो. म्हणजे जी कंपनी स्वस्त दिसत होती, ती सारख्या मापाने मोजल्यावर ५८८ रुपयांनी महाग ठरली. कोटेशनांच्या तुलनेत होणारी सर्वांत सामान्य फसगत हीच. यात कंपनी खोटे बोललेली नसते. रकाना छापलेला असतो, तो वाचलेला नसतो एवढेच.

तिसरे कोटेशन ८,७५४ रुपयांचे. विमामूल्य ४,८०,०००, सूट ५० टक्के, सर्व पहिल्यासारखेच. मग साडेअकराशे रुपये गेले कोठे? प्रत्येक दाव्यातील काही रक्कम मालकाने सोसावयाची असते. १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीला ती सक्तीने १,००० रुपये आहे. तिसऱ्या कोटेशनात त्याशिवाय ५,००० रुपये मालकाने आपण होऊन सोसण्याचे मान्य केले आहे. जुन्या टॅरिफप्रमाणे याबद्दल २५ टक्के, परंतु जास्तीत जास्त १,५०० रुपये सवलत मिळते. हे कोटेशन वाईट नव्हे. वर्षाला १,१५१ रुपये वाचतात आणि अपघात झाल्यास ५,००० जास्त जातात. तेव्हा चार वर्षांतून एकाहून कमी वेळा दावा करणाऱ्याला ते फायद्याचे आहे. सेक्टरातल्या सेक्टरात गाडी चालविणाऱ्या, घरात चार-पाच हजार रुपये हाताशी ठेवणाऱ्या निवृत्त माणसाने ही सोय अवश्य घ्यावी. रोज रायपूरला जाऊन येणाऱ्याने विचार करावा. मात्र ही निवड स्वतः केलेली असावी. पडद्यावरील एखाद्या चौकोनात आधीच खूण करून ठेवलेली नसावी.

दावा न केल्याची सवलत

वरील हिशेबात दावा न केल्याबद्दल जी ३५ टक्के सवलत धरली, ती कंपनीची मेहेरबानी नव्हे. मालकाने स्वतः वर्षानुवर्षे साठविलेली ती चीज आहे. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के, सलग दोन वर्षे २५, तीन वर्षे ३५, चार वर्षे ४५ आणि पाच वर्षे ५० टक्के. ही सवलत स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावरच मिळते. एक दावा केला की पुढच्या वर्षी ती शून्यावर येते.

हे ध्यानात न घेतल्यामुळे विमा असूनही लोक तोटा करून घेतात. समजा, सुपेल्याच्या बाजारात मागे घेताना गाडीचा बंपर फुटला. दुरुस्तीला ६,००० रुपये लागणार : ४,००० चा सुटा भाग आणि २,००० मजुरी. प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, म्हणून भागाचे २,००० आणि मजुरीचे २,००० असे ४,००० मान्य होतात. त्यातून सक्तीचे १,००० वजा जाऊन हातात ३,००० रुपये पडतात. आता पुढच्या वर्षाकडे पाहावे. सवलतीपूर्वीचा हप्ता ७,००० रुपये धरला, तर दावा न केल्यास त्यात ४५ टक्के, म्हणजे ३,१५० रुपये वाचले असते. कर धरून ३,७१७. तीन हजार घेऊन सदतीसशे घालविले. त्यापुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० टक्केच मिळणार, तो तोटा वेगळा. दुरुस्तीगृहातील माणूस ‘विमा आहेच, मग क्लेम करू’ असे सहज म्हणतो. पुढच्या वर्षीचा हप्ता त्याला भरावयाचा नसतो.

ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. जुनी मोटार विकून नवी घेतली तर कंपनीकडून तसे पत्र घेऊन ती नव्या मोटारीला लावता येते आणि नव्या गाडीचा पहिला हप्ता मोठा असल्याने तेथेच तिचा सर्वाधिक उपयोग होतो. गाडी विकताना हे पत्र मागावयाचे राहून गेले म्हणून पाच वर्षांची सवलत सोडून देणारे लोक पुष्कळ आहेत. उलट, वापरलेली मोटार घेणाऱ्याला आधीच्या मालकाची सवलत मिळत नाही. विमापत्र त्याने १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. आणि विमापत्राची मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर साठविलेली सर्व सवलत बुडते. कंपनी बदलल्याने ती बुडत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे; त्या भीतीने कित्येक जण एकाच कचेरीला वर्षानुवर्षे चिकटून राहतात.

कंपनी बदलताना गेल्या वर्षी दावा केला होता का, असा प्रश्न विचारला जातो. केलेला असताना ‘नाही’ असे लिहून दिले, तर हप्ता हजार-दोन हजारांनी उतरतो खरा. पण दोन कंपन्यांना एकमेकींकडे विचारणा करणे मुळीच अवघड नाही आणि ती नेमकी मोठ्या अपघातानंतर होते. तेव्हा स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

लहानसहान सवलती आणि जोडसंरक्षणे

इतर सवलतींबद्दल फार लिहावे असे काही नाही. जुन्या टॅरिफमध्ये मान्यताप्राप्त ऑटोमोबाईल असोसिएशनच्या सभासदाला ५ टक्के, पण कमाल २०० रुपये. आणि पुण्याच्या ए. आर. ए. आय. या संस्थेने प्रमाणित केलेले चोरीप्रतिबंधक उपकरण बसविल्यास अडीच टक्के, पण कमाल ५०० रुपये, अशा तरतुदी होत्या. त्या पुष्कळ ठिकाणी अद्याप चालतात. केवळ दोनशे रुपयांसाठी सभासदत्वाची वर्गणी भरू नये. अपंग व्यक्तीसाठी खास घडविलेल्या किंवा बदललेल्या मोटारीला मात्र ५० टक्क्यांची सवलत आहे आणि ती मागितल्यावाचून क्वचितच मिळते.

त्यापेक्षा वैयक्तिक अपघात विम्याकडे लक्ष द्यावे. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे हे संरक्षण विमापत्राबरोबर घ्यावे लागते. परंतु तितक्याच रकमेचे स्वतंत्र अपघात विमापत्र मालकाकडे आधीच असल्यास, किंवा त्याच्या दुसऱ्या वाहनावर ते घेतलेले असल्यास, पुन्हा घेण्याची गरज नसते. घरात एकाच्याच नावावर स्कूटर आणि मोटार असेल, तर दोन्हीकडे हा हप्ता भरला जात नाही ना, हे तपासावे.

वर्षाला थोडेच अंतर चालणाऱ्या गाड्यांसाठी वापराप्रमाणे हप्ता आकारण्याची सोय विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मोकळी केली. तिचा भिलाईच्या वसाहतीतील लोकांना खरा उपयोग आहे. वर्षाअखेरीचा अंतरमापकाचा आकडा पाहून आपण साधारण किती किलोमीटर चालवितो हे ठरवावे आणि मग ही सोय देणाऱ्या कंपनीकडे चौकशी करावी.

जोडसंरक्षणांपैकी घसारा न कापण्याचे, ज्याला सर्वत्र ‘झीरो डेप’ म्हणतात, ते पहिली चार-पाच वर्षे घेण्यासारखे आहे. आजच्या मोटारीत प्लॅस्टिकचे भाग किती असतात, हे वरील बंपरच्या हिशेबावरून दिसलेच. इंजिन-संरक्षणाचा प्रश्न पावसाळ्याचा आहे. रेल्वेमार्गाखालून जाणाऱ्या रस्त्यांत पाणी तुंबते. अशा पाण्यात गाडी बंद पडली आणि मालकाने पुन्हा किल्ली फिरविली, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरून इंजिनाचे भाग वाकतात. ही हानी पुरामुळे नव्हे, तर नंतरच्या कृतीमुळे झाली, असे धरून साध्या विमापत्रावर ती नाकारली जाते. जोडसंरक्षण घ्यावे किंवा न घ्यावे. पण पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून पाहू नये, ढकलून बाहेर काढावी. याला काही हप्ता पडत नाही.

विचारावे कोठे

कोटेशने निदान तीन वेगळ्या मार्गांनी घ्यावीत : एक कंपनीच्या शाखेतून किंवा तिच्याच संकेतस्थळावरून, एक एजंटाकडून आणि एक तुलना करून देणाऱ्या दलालाकडून. सर्वांना विमामूल्य, स्वेच्छेने सोसावयाची रक्कम आणि जोडसंरक्षणे सारखीच सांगावीत आणि मग येणारे आकडे मांडावेत. हे काम मुदत संपण्याच्या तीन-चार आठवडे आधी करावे. मुदत उलटल्यास गाडीची तपासणी करून घ्यावी लागते आणि घाईत असलेल्या माणसाला कोणी सूट देत नाही. नवी मोटार घेताना विक्रेत्याचाच विमा घेतला पाहिजे असे बंधन नाही. त्याच्याकडून हप्त्याचा तपशील लेखी मागितला की बहुतेक वेळा बोलणे सुरू होते. आपल्या कमिशनातील काही भाग परत देऊ करणारा एजंट १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाचा भंग करीत असतो, आणि तो स्वीकारणाराही त्यातून सुटत नाही.

शंभर-दोनशे रुपयांच्या फरकापेक्षा, कंपनीने मान्य केलेले व पैसे न भरता दुरुस्ती करून देणारे गॅरेज भिलाईत किंवा दुर्गमध्ये आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. सर्वांत जवळचे गॅरेज तीस किलोमीटरवर रायपुरात असेल, तर मोडलेली गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि हेलपाटे यांत वाचलेले पैसे निघून जातात. हप्ता भरल्यावर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या नोंदीत आपल्या क्रमांकापुढे विम्याची नवी तारीख आली आहे का, ते पाहावे. बनावट विमापत्र ओळखण्याचा हा सोपा मार्ग आहे.

दाव्याबाबत तक्रार उद्भवल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ यांसाठी ही कचेरी भोपाळला आहे. तेथे शुल्क नाही व वकिलाची गरज नाही. अर्ज मात्र कंपनीचे नकाराचे पत्र आल्यापासून एक वर्षाच्या आत करावयाचा असतो, म्हणून ते पत्र तारखेसह जपून ठेवावे.